तोंड दाखवायचं की नाही? कॅन्सर तपासणी आणि लागणीची धास्ती

लागणीच्या भीतीनं दवाखान्याकडं पाठ फिरवणं कोल्हापूरला नवं नाही. 1896 साली मुंबईत आलेला प्लेग पुढं संस्थानात पोचला, तेव्हा माणसं गाव सोडून रानात झोपड्या घालून राहिली. मात्र तपासणी शिबिरांना आज लोक का येत नाहीत, हे कळायला 2020 चा उन्हाळाच पाहावा लागतो.

तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कॅन्सरसाठी तिशी ओलांडलेल्यांची दर पाच वर्षांनी तपासणी करावी, अशी चौकट देशात 2016 मध्ये आखली गेली. ती रुळायच्या आत कोरोना आला. मे 2020 मध्ये दंतवैद्यांसाठी केंद्राच्या सूचना निघाल्या. तोंडाची तपासणी जास्त जोखमीची असल्यानं मुखकर्करोगाचं स्क्रीनिंग नवं धोरण येईपर्यंत पुढं ढकलावं, असं त्यात होतं.

या एका वाक्यावर अजून वाद आहे. बाजूनं बोलणाऱ्यांचं म्हणणं रास्तच होतं. विषाणू लाळेत सापडत होता, पीपीई किट पुरत नव्हते, आणि तपासणाऱ्याला रुग्णाच्या उघड्या तोंडाजवळ वाकावंच लागतं. पण दातावर मशीन चालवताना उडणारे तुषार वेगळे, आणि बॅटरीच्या उजेडात गालाचा आतला भाग पाहणं वेगळं. सूचनेत दोन्ही एका मापानं मोजली गेली, आणि पुन्हा सुरू कधी करायचं याची तारीखही दिली नव्हती. तिरुवनंतपुरम परिसरातल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष 2005 मध्येच आले होते. नुसत्या डोळ्यांनी केलेल्या तपासणीमुळं तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांमधले मुखकर्करोगाचे मृत्यू 34 टक्क्यांनी घटले होते. गुटख्यावर 2012 पासून बंदी असूनही मावा, तंबाखू-चुना आणि मशेरी न सुटलेल्या आपल्या भागात हे थांबवणं महागात पडणारं होतं. गालातला पांढरा चट्टा दुखत नाही, त्यामुळं माणूस आपणहून दवाखान्यात येत नाही. ही तपासणी सगळ्यात शेवटी थांबवायला हवी होती, असं माझं स्पष्ट मत आहे.

गावात या सूचनेचा अर्थ सरळ लावला गेला: सरकारच सांगतंय, तोंड दाखवू नका.

त्यात दारात येणारी बाई तीच. आदल्या वर्षी आशाताई फॉर्म घेऊन यायची. तोंडात दोन आठवडे न भरलेली जखम आहे का, स्तनात गाठ लागते का, असं विचारायची. सप्टेंबर 2020 मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत तीच ताप आणि ऑक्सिजन मोजायला आली. ताप निघाला तर घराला पट्टी लागणार, माणूस क्वारंटाइनला जाणार, या धास्तीनं दारं लागली. ‘स्क्रीनिंग’ म्हणजे कपाळावर धरलेली थर्मल गन, एवढाच अर्थ उरला.

दुसरी लाट राज्यात ओसरू लागली, तरी कोल्हापुरात ती रेंगाळली. जुलै 2021 मध्ये तिच्यावर महापूर आला. कर्नाटकातल्या निपाणीकडून कोल्हापूरला दाखवायला येणाऱ्यांना परतताना सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर आरटीपीसीआरचा कागद लागत होता. गाठ दुखत नसेल तर एवढा खटाटोप कोण करणार?

सगळं कोरोनावर ढकलणंही बरोबर नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 30 ते 49 वयाच्या बायकांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या जेमतेम 1.9 टक्के होत्या, तोंडाची 0.9 टक्के. भीतीला आयतं कारण मिळालं, आणि लाट गेल्यावरही ते वापरात राहिलं.

‘गर्भाशयमुखाचा कॅन्सर एचपीव्ही या विषाणूच्या संसर्गातून होतो’ हे वाक्य आता त्यामुळं अवघड झालंय. ऐकणारीला वाटतं, कॅन्सरच लागट आहे. लागतो तो विषाणू, आणि बहुतेक वेळा तो आपोआप जातोही. वर्षानुवर्षं टिकला तरच धोका. शिबिरात बायका हळू आवाजात विचारतात, “हत्यारं उकळलेली हायत न्हवं?” प्रश्न अगदी योग्य आहे. त्यांच्यासमोर निर्जंतुक पाकीट फोडून दाखवायला अर्धं मिनिटही लागत नाही.