गेटचे पैसे कोणाचे? फुटबॉलमधील बळाच्या समतोलाचा इतिहास

प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या सर्वोच्च फुटबॉल श्रेणीत, २०२३-२४च्या मोसमात खालच्या श्रेणीतून वर चढून आलेले तिन्ही संघ, म्हणजे ल्युटन टाउन, बर्नली आणि शेफील्ड युनायटेड, त्याच मोसमाअखेर पुन्हा खाली गेले. पुढच्या मोसमात लेस्टर सिटी, इप्सविच टाउन आणि साउदम्प्टन यांच्या वाट्यालाही तेच आले. साउदम्प्टनला ३८ सामन्यांतून अवघे १२ गुण मिळाले. वर आलेले तिन्ही संघ लगेच खाली जाणे प्रीमियर लीगच्या इतिहासात याआधी फक्त एकदा, १९९७-९८मध्ये, झाले होते. आता ते लागोपाठ दोनदा घडल्यावर बलाढ्य आणि दुबळ्या संघांमधली दरी हा विषय पुन्हा ऐरणीवर आला.

या चर्चेत ‘पूर्वी असे नव्हते’ हे वाक्य हमखास ऐकू येते. ते अर्धेच खरे आहे. पूर्वीचा समतोल दोन टेकूंवर उभा असल्याचे मानले जाई. एक टेकू खेळाडूंना बांधून ठेवण्याचा, दुसरा क्लबांनी आपसांत पैसे वाटून घेण्याचा. पहिला अन्यायाचा होता. तो गेला हे चांगलेच झाले. दुसरा न्यायाचा होता, आणि तो काढा असे कोणत्याही न्यायालयाने सांगितले नव्हते. श्रीमंत क्लबांनीच तो काढून घेतला. या दोन गोष्टींची सरमिसळ झाली, की ‘खेळाडूंच्या पगारांनी खेळ बिघडवला’ असा सोपा निष्कर्ष निघतो. मला तो मान्य नाही, आणि त्यासाठीच थोडे मागे जायला हवे.

इंग्लंडमध्ये व्यावसायिक खेळाडूंना १८८५ साली मान्यता मिळाली. पगार द्यायचा म्हणजे दर आठवड्याला गल्ला यायला हवा आणि त्यासाठी सामने आधीच ठरलेले हवेत. या गरजेतून अ‍ॅस्टन व्हिलाचे विल्यम मॅकग्रेगर यांनी पुढाकार घेतला आणि १८८८ साली १२ क्लबांची फुटबॉल लीग सुरू झाली. पहिल्याच मोसमात प्रेस्टन नॉर्थ एंडने २२पैकी १८ सामने जिंकले, ४ बरोबरीत सोडवले आणि एकही गमावला नाही. त्याच वर्षी एकही गोल न स्वीकारता त्यांनी एफए कप ही बाद पद्धतीची स्पर्धाही जिंकली. म्हणजे विषमता ही नंतर आलेली कीड नव्हे. ती लीगच्या जन्मापासून आहे. मात्र तेव्हाचे बलाढ्यपण टिकत नसे. प्रेस्टनने १८९०मध्ये पुन्हा विजेतेपद मिळवले आणि त्यानंतर आजतागायत एकदाही नाही.

मोठ्या शहरांतले क्लब सगळे चांगले खेळाडू उचलून नेतील, ही भीती लहान क्लबांना तेव्हापासूनच होती. तिच्यावरचे उत्तर म्हणून १८९०च्या दशकात खेळाडू राखून ठेवण्याची पद्धत आली. करार संपला तरी खेळाडूची नोंदणी क्लबकडेच राहायची. क्लबने सोडले नाही, तर तो दुसऱ्या क्लबकडून लीगमध्ये खेळू शकत नसे. पुढे १९०१मध्ये कमाल पगार ठरला, आठवड्याला ४ पौंड. क्लब कितीही श्रीमंत असो, पगाराचे आमिष दाखवायला त्याला जागा उरली नाही. समतोलाच्या नावाखाली उभी राहिलेली ही व्यवस्था, कमाल रकमेत वेळोवेळी वाढ होत, ६० वर्षे चालली.

दुसरा टेकू पैशांचा. सामन्याच्या तिकीटविक्रीला तिथे ‘गेट’ म्हणतात. सुरुवातीला पाहुण्या संघाला एक छोटी ठराविक रक्कम मिळे आणि बाकी सगळे यजमानांचे. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास नियम बदलला आणि लीग सामन्याच्या गेटमधला पाचवा हिस्सा पाहुण्यांना मिळू लागला. शिवाय गेटमधून एक लहान टक्का लीगच्या सामायिक निधीत जाई आणि तो सगळ्या क्लबांत सारखा वाटला जाई. मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्डवर किंवा आर्सेनलच्या हायबरीवर प्रचंड गर्दीसमोर खेळून आलेला लहान क्लब रिकाम्या हाताने परतत नसे. यामागचा विचार मला फार महत्त्वाचा वाटतो. सामना दोघांनी मिळून उभा केलेला असतो. मग मैदान एकाचे आहे म्हणून सगळी कमाई त्याचीच कशी?

या व्यवस्थेत काय शक्य होते? सुमारे ८० हजार वस्तीच्या गावातले बर्नली १९६० साली इंग्लंडचे विजेते झाले. त्याहून विलक्षण गोष्ट इप्सविच टाउनची. हा क्लब लीगमध्ये आला तोच मुळी १९३८ साली. अल्फ रॅम्से यांनी १९५५मध्ये सूत्रे हाती घेतली तेव्हा तो तिसऱ्या श्रेणीत होता. १९६१मध्ये तो पहिल्या श्रेणीत चढला आणि १९६२मध्ये, त्या श्रेणीतल्या आयुष्यातल्या पहिल्याच मोसमात, विजेता ठरला. रॅम्से यांनी जिमी लेडबेटर या डाव्या विंगरला, म्हणजे डाव्या कडेने चढाई करणाऱ्या खेळाडूला, नेहमीच्या जागेपेक्षा मागे खेळवले. प्रतिस्पर्ध्याच्या बचावपटूला कळेना, की त्याच्या मागे जायचे की जागा धरून थांबायचे. त्या गोंधळाचा फायदा रे क्रॉफर्ड आणि टेड फिलिप्स या जोडीने उठवला. दोघांनी मिळून लीगमध्ये ६१ गोल केले. युक्ती उघडी पडल्यावर घसरणही तितकीच वेगाने झाली. रॅम्से इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाकडे गेले आणि १९६३-६४मध्ये इप्सविचने तब्बल १२१ गोल खाऊन पहिली श्रेणी गमावली. पण एका चांगल्या कल्पनेच्या जोरावर एक वर्ष का होईना, सगळ्यांच्या वर उभे राहता येत होते.

आणि इप्सविचने हे विजेतेपद मिळवले तेव्हा कमाल पगाराची मर्यादा उठलेली होती! खेळाडूंच्या संघटनेचे अध्यक्ष जिमी हिल यांनी संपाची तयारी केली, तेव्हा जानेवारी १९६१मध्ये आठवड्याला २० पौंडांची ती मर्यादा रद्द झाली. फुलहॅमने जॉनी हेन्स यांना लगेच १०० पौंड देऊ केले. पाठोपाठ जॉर्ज ईस्टहॅम यांचा खटला झाला. न्यूकॅसल युनायटेड सोडायचे म्हणून ते संपावर गेले होते आणि त्या काळात बूच विकून पोट भरत होते. १९६३मध्ये न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी खेळाडू राखून ठेवण्याची पद्धत ही व्यवसायावरचे गैरवाजवी बंधन असल्याचा निकाल दिला. लीग बुडेल, लहान क्लब संपतील, असे इशारे तेव्हा सर्रास दिले गेले. प्रत्यक्षात १९५९-६० ते १९७१-७२ या १३ मोसमांत १० वेगवेगळे क्लब विजेते झाले.

हे असे का, याचे एक उत्तर अर्थशास्त्रात आधीच मिळालेले होते. सायमन रॉटनबर्ग या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने १९५६मध्ये बेसबॉलच्या संदर्भात दोन गोष्टी मांडल्या. पहिली, प्रेक्षक निकालाच्या अनिश्चिततेसाठी येतो. दुसरी अधिक मार्मिक आहे. खेळाडूला बांधून ठेवल्याने तो दुबळ्या संघात राहतो, हा भ्रम आहे. ज्या संघाला त्याचा सर्वाधिक उपयोग तिथे तो पोहोचतोच, कारण मालक त्याला विकतात. फरक इतकाच, की पैसा खेळाडूऐवजी मालकाच्या खिशात जातो. १९६४मध्ये वॉल्टर नील यांनी आणखी एक दाखला दिला. मुष्टियोद्धा जो लुई याची कमाई मॅक्स श्मेलिंगसारखा तोलामोलाचा प्रतिस्पर्धी असण्यावर अवलंबून होती. दुकानदाराला शेजारचे दुकान बंद पडले तर आनंद होईल. खेळातल्या विजेत्याला तसे करून चालत नाही.

पण हे मोठ्या क्लबांना पटवणार कोण? दूरचित्रवाणीचे पैसे आले तेव्हा सुरुवात चांगली झाली होती. १९६०च्या दशकाच्या मध्यात बीबीसीने सामन्यांच्या क्षणचित्रांसाठी ५,००० पौंड दिले आणि ते लीगच्या ९२ क्लबांत सारखे वाटले गेले. क्लबमागे ५०हून थोडे अधिक पौंड. रक्कम किरकोळ, पण तत्त्व स्पष्ट होते: चौथ्या श्रेणीतला तळाचा क्लब आणि लिव्हरपूल यांचा वाटा एकच.

माझ्या मते सगळ्यात निर्णायक वर्ष १९८३. त्या वर्षी पाहुण्यांना गेटमधला हिस्सा देणे बंद झाले आणि सगळे उत्पन्न यजमानांचे ठरले. त्याच वर्षी टॉटनहॅम हॉटस्परने क्लबची मालकी घेणारी होल्डिंग कंपनी काढून शेअर बाजारात प्रवेश केला. क्लबच्या नफ्यातून मालकांनी किती लाभांश घ्यावा यावर जुन्या नियमांनी घातलेला लगाम या रचनेने निकामी केला. १९८५च्या अखेरीस मोठ्या क्लबांनी वेगळे होण्याची धमकी दिली आणि तडजोड म्हणून दूरचित्रवाणीच्या उत्पन्नाचा निम्मा भाग पहिल्या श्रेणीला, पाव भाग दुसऱ्या श्रेणीला आणि उरलेला पाव तिसऱ्या-चौथ्या श्रेणीला मिळू लागला. आर्सेनल, एव्हर्टन, लिव्हरपूल, मँचेस्टर युनायटेड आणि टॉटनहॅम या ‘बिग फाइव्ह’ना तेही पुरेसे वाटले नाही. १९९२मध्ये पहिली श्रेणी लीगमधून बाहेर पडून प्रीमियर लीग झाली. तिच्या पहिल्या ५ वर्षांच्या दूरचित्रवाणी कराराचा आकडा ३० कोटी ४० लाख पौंड सांगितला गेला. खालच्या तीन श्रेणींचा त्यात हक्काचा वाटा उरला नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. त्याआधीचा काळही सगळ्यांना समान नव्हता. १९७३ ते १९९० या काळात लिव्हरपूलने ११ विजेतेपदे मिळवली. पण त्याच काळात नॉटिंगहॅम फॉरेस्ट १९७७मध्ये वर आला, १९७८मध्ये विजेता झाला आणि १९७९, १९८० असा सलग दोनदा युरोपियन कप (युरोपातल्या विजेत्या क्लबांची स्पर्धा, आजची चॅम्पियन्स लीग) घेऊन गेला. वरचढ संघ होता, पण दार बंद नव्हते.

ते दार युरोपात कसे बंद झाले, हे पाहताना बहुतेक जण बॉसमन निकालापाशी थांबतात. बेल्जियमच्या जाँ-मार्क बॉसमन यांच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने १५ डिसेंबर १९९५ रोजी सांगितले, की करार संपलेल्या खेळाडूसाठी युरोपीय संघातल्या दुसऱ्या देशातील क्लबकडे ट्रान्सफरची, म्हणजे खेळाडू सोडण्याबद्दलची, रक्कम मागता येणार नाही आणि युरोपीय संघातल्या देशांच्या नागरिकांना परदेशी म्हणून संख्येच्या बंधनात ठेवता येणार नाही. त्याच वर्षी नेदरलँड्सच्या आयॅक्सने, बहुतांशी स्वतःच्या अकादमीत घडवलेल्या मुलांच्या बळावर, चॅम्पियन्स लीग जिंकली होती. काही वर्षांतच तो संघ विखुरला. बॉसमन यांची मागणी मात्र साधी होती: करार संपल्यावर दुसरीकडे नोकरी करण्याची मुभा.

खरा फास दुसरीकडून आवळला जात होता. युरोपियन कपमध्ये पूर्वी गतविजेत्याखेरीज प्रत्येक देशाचा एकच विजेता खेळत असे. १९९७-९८पासून मोठ्या देशांच्या उपविजेत्यांना प्रवेश मिळाला आणि १९९९-२०००पासून काही देशांचे चार-चार क्लब येऊ लागले. दूरचित्रवाणीची बाजारपेठ मोठी त्या देशाच्या क्लबांना बक्षिसाची रक्कमही जास्त. त्या पैशातून चांगले खेळाडू, त्यांच्या जोरावर पुन्हा प्रवेश, पुन्हा पैसा. रोमानियाच्या स्ट्युआ बुखारेस्टने १९८६मध्ये आणि युगोस्लाव्हियाच्या रेड स्टार बेलग्रेडने १९९१मध्ये युरोप जिंकला होता. १९९६ ते २०२५ या ३० वर्षांत इंग्लंड, स्पेन, जर्मनी आणि इटली या चार देशांबाहेरचे विजेते दोनच: २००४मध्ये पोर्तो आणि २०२५मध्ये पॅरिस सेंट-जर्मेन. त्यातले पॅरिस २०११पासून कतारच्या गुंतवणुकीवर उभे आहे.

याचे पडसाद देशोदेशींच्या लीगमध्ये उमटले. जर्मनीत बायर्न म्युनिकने २०१३ ते २०२३ अशी सलग ११ विजेतेपदे घेतली. इटलीत युव्हेंट्सने २०१२ ते २०२० अशी ९. स्पेनमध्ये २०१५पर्यंत प्रत्येक क्लब आपले प्रक्षेपण हक्क स्वतंत्रपणे विकत असे आणि त्यातला सिंहाचा वाटा रेआल माद्रिद व बार्सेलोना यांचा; सरकारी हुकुमानंतर सामूहिक विक्री सुरू झाली.

अमेरिकी लीगचा दाखला अनेकदा दिला जातो. तिथल्या एनएफएल या अमेरिकी फुटबॉलच्या लीगमध्ये १९३६पासून ड्राफ्ट आहे, म्हणजे तळाच्या संघाला नव्या खेळाडूंची आधी निवड करता येते. १९९४पासून पगाराची एकूण मर्यादाही आहे. पण ती लीग बंद आहे. तळाला राहिले तरी कोणी खाली जात नाही. युरोपच्या १२ क्लबांना एप्रिल २०२१मध्ये सुपर लीग या स्वतंत्र स्पर्धेच्या रूपाने नेमके हेच कायमचे स्थान हवे होते, तेही कमकुवतांना आधार देण्याची अमेरिकी जबाबदारी न घेता. चाहते रस्त्यावर उतरले आणि तीन दिवसांत बेत कोसळला. माझ्या लेखी गेल्या ४० वर्षांतला हा फुटबॉलमधला सगळ्यात समाधानाचा आठवडा होता.

क्लबांच्या खर्चाला आवर घालणाऱ्या नियमांना युएफा या युरोपीय फुटबॉलच्या नियामक संघटनेने २००९मध्ये मान्यता दिली. दिवाळखोरी रोखणे हा त्यांचा हेतू होता, समतोल साधणे नव्हे, हे अनेकदा विसरले जाते. खर्च उत्पन्नाशी बांधला, की ज्याचे उत्पन्न जास्त त्याचा खर्चही जास्त. बळी तो कान पिळी. प्रीमियर लीगमध्ये याच धाटणीच्या नियमांखाली २०२३-२४मध्ये एव्हर्टन आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांचे गुण कापले गेले.

प्रीमियर लीगला एका बाबतीत श्रेय द्यायलाच हवे. देशांतर्गत प्रक्षेपणाच्या उत्पन्नाचा निम्मा भाग तिने पहिल्यापासून सर्व क्लबांत समान वाटला आणि परदेशातले उत्पन्न २०१९पर्यंत पूर्ण समान वाटले. लेस्टर सिटीने २०१६मध्ये सट्टेबाजांच्या ५,०००ला एक अशा भावाविरुद्ध विजेतेपद मिळवले, तेव्हा त्यांच्याकडे या वाटणीचे पैसे होते. तुटलेला कडा आहे तो या श्रेणीच्या खाली. प्रीमियर लीगमधून घसरलेल्या क्लबांना ३ वर्षांपर्यंत ‘पॅराशूट’ रकमा मिळतात. त्यामुळे दुसऱ्या श्रेणीतही त्यांच्याविरुद्ध खेळणारे इतर क्लब पहिल्याच दिवशी मागे पडतात.

इंग्लंडमध्ये जुलै २०२५मध्ये मंजूर झालेल्या कायद्याने फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक नेमला. प्रीमियर लीग आणि खालच्या तीन श्रेणी यांच्यात पैशांच्या वाटणीवर एकमत झाले नाही, तर शेवटचा उपाय म्हणून हस्तक्षेप करण्याचा अधिकार त्याला आहे.