मुलाच्या दप्तरातला आकडा आई-बाबांच्या फोनवर कसा आला

इन्सुलिन १९२२ साली मधुमेहाच्या रुग्णांना मिळू लागलं. पण मुलाच्या रक्तातली शुगर घरी मोजता यायला आणखी पन्नासेक वर्षं गेली. तोवर लघवी तपासायची: परीक्षानळीत बेनेडिक्टचं निळं द्रावण, त्यात लघवीचे आठ थेंब, आणि उकळी. हिरवट झालं तर साखर थोडी, विटकरी झालं तर भरपूर. हा रंगही काही तासांपूर्वीची हकिगत सांगायचा. शुगर बरोबर असो की धोकादायक खाली, द्रावण निळंच.

ग्लुकोमीटर १९८०च्या आसपास घरांत आले. शुगर काटेकोर सांभाळली तर डोळे आणि मूत्रपिंडं वाचतात, हे १९९३मध्ये एका मोठ्या अमेरिकी चाचणीत सिद्ध झालं आणि बोटं टोचणं वाढलं. रात्री दोनला गजर लावून झोपलेल्या लेकराचं बोट टोचणं त्यातलंच.

मग त्वचेखालचा सेन्सर आला, दर पाच मिनिटांनी आकडा देणारा. पण तो दिसे एका छोट्या यंत्रावर, तेही सेन्सरपासून काही फुटांतच. मूल शाळेत गेलं की आकडाही दप्तरातून शाळेत.

न्यूयॉर्क राज्यातल्या लिव्होनियात जॉन कोस्टिक या सॉफ्टवेअर इंजिनिअरला हेच खटकलं. त्याच्या चार वर्षांच्या मुलाला २०१२मध्ये टाइप १ मधुमेह, म्हणजे शरीरात इन्सुलिनच न बनण्याचा आजार, निघाला. पुढच्या वर्षी त्याने डेक्सकॉम या सेन्सर बनवणाऱ्या कंपनीच्या यंत्राला केबल लावून आकडे इंटरनेटवर चढवले आणि ऑफिसात बसून मुलाची शुगर पाहिली. मे २०१३मध्ये त्याने ते ट्विटरवर सांगितलं. लेन डेसबरो हाही मधुमेही मुलाचा बाप आणि इंजिनिअर. अशा लोकांनी मिळून शुगर दुरून दाखवणारं 'नाइटस्काउट' हे सॉफ्टवेअर उभं केलं. त्यांची घोषणा होती, 'आम्ही वाट बघत बसणार नाही'. कोड फुकट, जोडणी ज्याची त्याने करायची. बिघडलं तर जबाबदारीही त्याचीच, आणि हा धोका छोटा नव्हता.

शुगरचे आकडे दुसऱ्याच्या फोनवर दाखवणाऱ्या डेक्सकॉमच्या स्वतःच्या अ‍ॅपला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जानेवारी २०१५मध्ये परवानगी दिली. आकडा बघून इन्सुलिन आपोआप कमी-जास्त करणारा पहिला पंप २०१६मध्ये मंजूर झाला, पण चौदा वर्षांपासून पुढच्यांसाठी. दोन वर्षांच्या मुलांनाही चालेल असा पंप ऑगस्ट २०२०मध्ये मंजूर झाला. कोस्टिकचा मुलगा तोवर बाराच्या घरात पोचला होता.