बीपीच्या कार्डावरचा ‘नातेवाईक’ म्हणजे कोण?

‘सोबत कोण आहे?’ नागपुरात सरकारी ओपीडीत म्हातारं माणूस बाकावर टेकायच्या आत हा प्रश्न येतो. उत्तर बहुतेक वेळा ‘मुलगा’ असतं. तो गाडीवर बसवून आणतो, चिठ्ठी काढतो, रांग धरतो. मीठ कमी करा, गोळी चुकवू नका, महिन्याने दाखवा, हेही सगळं त्यालाच सांगितलं जातं. घरी भाजीत मीठ घालणारा हात मात्र त्याचा नसतो.

घरच्यांना शिकवायची कल्पना नवी नाही. 1970 च्या दशकात अमेरिकेत बाल्टिमोरला 400 रुग्णांवर तीन उपाय तपासले गेले: डॉक्टरांना दाखवून बाहेर पडताच रुग्णाला समजावून सांगणं, घरी जाऊन घरच्या माणसाला तयार करणं आणि छोट्या गटांच्या बैठका. पाच वर्षांनी शिकवलेल्यांमध्ये बीपी आटोक्यात असणारे जास्त निघाले, मृत्यूही कमी. आपल्या घरांना जवळचा दाखला कराचीचा. 2009 साली छापून आलेल्या तिथल्या अभ्यासात आरोग्यसेविका घरोघर जाऊन सबंध कुटुंबाशी बोलल्या आणि वस्तीतल्या डॉक्टरांनाही प्रशिक्षण दिलं गेलं. जिथे दोन्ही झालं तिथे बीपी सर्वांत जास्त उतरला.

इकडे 2010 साली केंद्राने असंसर्गजन्य आजारांचा कार्यक्रम आणला. नोव्हेंबर 2017 मध्ये बीपीपुरती वेगळी मोहीम सुरू झाली, तेव्हा राज्यातल्या पहिल्या चार जिल्ह्यांत नागपूरच्या दोन बाजूंचे वर्धा आणि भंडारा होते. ठरलेली औषधं, प्रत्येकाचं कार्ड आणि एकदम तीस दिवसांच्या गोळ्या. आठ-दहा दिवसांच्या गोळ्यांसाठी मजुरी बुडवून येणाऱ्याला हा शेवटचा बदल सगळ्यात मोठा वाटला असेल.

घोळ आहे तो ‘कुटुंब’ या शब्दात. आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा जो फॉर्म भरते, त्यात कुटुंबाबद्दल प्रश्न आहे: आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाला बीपी, शुगर, हृदयविकार आहे का? ‘हो’ म्हटलं की धोक्याचे दोन गुण. हे कुटुंब रक्ताचं. आनुवंशिकता मोजायला तेच हवं, त्याबद्दल तक्रार नाही. पण या व्याख्येत नवरा-बायकोही एकमेकांचे कुणी नाहीत, आणि सून तर नाहीच. ओपीडीतलं कुटुंब म्हणजे जो सोबत आला तो. तिसरं कुटुंब स्वयंपाकघरातलं: एक बरणी, एक पातेलं, सगळ्यांची एक भाजी. गोळी लागते का हे पहिलं कुटुंब सुचवतं, आणतं दुसरं, आणि ती लागू पडेल का हे बरंचसं तिसऱ्याच्या हातात असतं. शिकवणी बहुतेक दुसऱ्यापाशी संपते.

2020 च्या टाळेबंदीत हा प्रश्न उघडा पडला. बीपीवाल्याने घरी थांबायचं, मग गोळ्या कुणाच्या हाती द्यायच्या? कुठे आशाताईंनी पोचवल्या, कुठे नातेवाइकाला दिल्या. बीपी न मोजता गोळी देऊ नये, असं एका बाजूचं म्हणणं. खंड पडण्यापेक्षा ते बरं, असं दुसरीचं. मला दुसरी बाजू पटते. मात्र टाळेबंदी उठल्यावरही ‘कार्ड पाठवलं, गोळ्या आल्या’ ही सवय उरली, आणि कार्डावर बीपीचा रकाना कोराच दिसू लागला.

मीठ तोडायचा सल्ला नागपुरात मे महिन्यात आणखी अडतो. पारा 45 च्या आसपास, गच्चीवर पापड, कुरडया, सांडगी मिरची वाळत पडलेली. पापडखारातही सोडियम असतं, हे पापड लाटणाऱ्या बाईला कुणी सांगत नाही. त्याच आठवड्यात उष्माघातासाठी ‘मीठ घालून लिंबूपाणी प्या’ हाही निरोप तिच्याच दारात येतो. लघवी जास्त होणारी बीपीची गोळी चालू असेल तर उन्हाळ्यात चक्कर येऊ शकते. अशा वेळी गोळी बंद करायची की डॉक्टरांना विचारायचं, हे घरात तीच ठरवते. निरोप दोन्ही खरे, पण एकत्र बसवून सांगणारं कुणी नाही.

आणि आशाताई यंत्र घेऊन दारात आली की हीच बाई पदराला हात पुसत म्हणते, ‘‘माझं राहू द्या, आईंचं मोजा.’’