पार्श्वभूमी : बोलणारा टॅब्लेट आणि २०१२ चा वाद

तोंडाने बोलू न शकणारे मूल टॅब्लेटवरच्या चित्रावर बोट ठेवते आणि टॅब्लेट तो शब्द उच्चारतो. पण चित्रांतून मनातले सांगण्याची पद्धत टॅब्लेटच्या कितीतरी आधीची. ऑटिझम असलेल्या मुलांसाठी चित्रकार्ड हातात देऊन हवे ते मागण्याची रीत १९८५ मध्ये अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात आकाराला आली. बटण दाबताच शब्द उच्चारणारी यंत्रेही होती, पण त्यांची किंमत हजारो डॉलर. तिथल्या सरकारी आरोग्य विम्याने २००१ पासून त्यांचा खर्च द्यायला सुरुवात केली, तीही एका अटीवर : यंत्राने बोलण्याखेरीज दुसरे काही करता कामा नये. त्यामुळे आत चांगला संगणक असलेली यंत्रेही बाकी सगळे बंद करून विकली जात.

२००९ मध्ये एका डच कंपनीचे संवादाचे ॲप फोनवर आले, २०१० मध्ये आयपॅड आला आणि हा हिशेबच बदलला. ५०० डॉलरच्या आसपास टॅब्लेट, दोनशेच्या आत ॲप. विम्याच्या मंजुरीची वाट पाहायला नको. तज्ज्ञाकडून तपासून न घेताच ॲप घेण्याची घाईही याच काळात वाढली, हे खरे.

मग आले २०१२. न्यू जर्सीतल्या दोन स्पीच थेरपिस्टनी बनवलेल्या अशाच एका ॲपवर जुन्या यंत्रांच्या क्षेत्रातल्या दोन कंपन्यांनी पेटंटभंगाचा दावा लावला. या ॲपमध्ये प्रत्येक शब्दाची जागा कायम ठरलेली असते. सरावाने बोट आपोआप तिथे जाते, म्हणून मधेच दुसरे ॲप देणे म्हणजे मुलाला पुन्हा पहिल्यापासून शिकायला लावणे. कोर्टाचा निकाल लागायच्या आतच, जूनमध्ये, ॲप स्टोअरमधून ते काढले गेले. आधी घेतलेल्यांच्या टॅब्लेटवर ते चालत होते, पण पुढच्या सिस्टिम अपडेटनंतर चालेल याची हमी कोणी देईना. चार वर्षांच्या एका मुलीच्या आईने हे जाहीरपणे मांडले, तेव्हा हा कंपन्यांपुरता व्यापारी वाद राहिला नाही. पेटंटधारकांचीही बाजू होती : वर्षानुवर्षांच्या संशोधनाचा मोबदला त्यांना हवा होता. पण त्यासाठी निकालाआधीच मुलांचे बोलणे टांगणीला लावणे अन्यायाचेच होते. पुढे तडजोड झाली आणि ॲप परतले.

टॅब्लेट दिला तर मूल तोंडाने बोलायचेच नाही, ही पालकांची भीती मात्र आजही कायम आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधन आढाव्यात, काटेकोर पुरावा असलेल्या २७ जणांपैकी एकाचेही बोलणे चित्रे, खुणा अशा साधनांमुळे कमी झालेले आढळले नव्हते. बहुतेकांचे थोडेफार वाढलेच होते.

भारतात १९९५ च्या अपंगत्व कायद्यात ऑटिझम नव्हताच. २०१६ च्या कायद्याने तो घेतला आणि ‘संवादा’च्या व्याख्येत बोलण्याला पूरक व पर्यायी साधनांनाही जागा दिली. त्याआधीच चेन्नईतल्या एका लहान कंपनीने आपले संवादयंत्र आणून ते पुढे टॅब्लेटवर नेले होते. मुंबईत पवईच्या तंत्रशिक्षण संस्थेत तयार झालेले चित्रांचे ॲप तर मोफत आहे आणि मराठीतही बोलते. घरात आजीशी मराठी बोलले जात असताना मुलाच्या हातातला टॅब्लेट फक्त इंग्रजीत ‘वॉटर’ म्हणत असेल, तर ते पाणी मागणे त्याला उगाच अवघड होते. शाळेच्या दप्तरात हा टॅब्लेट चष्म्याइतक्याच हक्काने जायला हवा. वर्गात मोबाइल-टॅब्लेटला बंदी असलेल्या शाळांनी त्यासाठी नियमात सोय करायला हवी.