डार्पा ग्रँड चॅलेंज

डार्पा ग्रँड चॅलेंज म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्यातल्या डार्पा या संशोधन संस्थेने २००४, २००५ आणि २००७ साली भरवलेली बिनड्रायव्हरच्या गाड्यांची शर्यत. आत माणूस नाही, लांबून रिमोटने चालवणारंही कोणी नाही, गाडीनेच रस्ता बघायचा, स्टिअरिंग फिरवायचं आणि ब्रेक मारायचा. लष्करासाठी स्वतः चालणाऱ्या गाड्यांवर जे संशोधन झालंय त्यातला हा माझ्या मते सगळ्यात मोठा टप्पा, कारण यात नेमकं अवघड काय आहे ते उघड्या मैदानावर सगळ्यांना दिसलं.

यामागचं कारण साधं आहे. लढाईत बंदूकधारी सैनिकाइतकाच धोका रसद नेणाऱ्या ट्रकच्या ड्रायव्हरलाही असतो, रस्ता ठरलेला, ताफा लांबलचक, आणि सुरुंग पेरणाऱ्याला फक्त वाट बघायची असते. २००० साली अमेरिकेने केलेल्या संरक्षण कायद्यात लिहिलं गेलं की २०१५ पर्यंत जमिनीवरच्या लढाऊ गाड्यांपैकी एक तृतीयांश बिनमाणसाच्या असाव्यात. हे उद्दिष्ट काही गाठता आलं नाही, पण कामाला जोर त्यातूनच आला.

तसे प्रयत्न आधीपासून होतेच. १९८५ मध्ये डार्पाच्याच पैशातून मार्टिन मॅरिएटा कंपनीने आठ चाकांची, आत कॉम्प्युटर भरलेली गाडी साधारण १ किमी चालवून दाखवली होती, वेग ताशी ३ किमी, म्हणजे आपण रमतगमत चालतो त्याहूनही कमी. रस्त्यावर सावली पडली की कॅमेऱ्याला रस्त्याची कड कुठे ते कळायचं नाही. वीस वर्षं मोठमोठ्या कंत्राटांवर काम होत राहिलं आणि मग डार्पाने ठरवलं की आता बक्षीस लावू आणि कॉलेजवाले, गॅरेजवाले, ज्याला यायचंय त्याला येऊ दे.

पहिली शर्यत १३ मार्च २००४ ला मोहावी वाळवंटात झाली, कॅलिफोर्नियातल्या बारस्टोपासून नेवाडाच्या हद्दीवरच्या प्रिमपर्यंत, अंतर सुमारे २२८ किमी, बक्षीस १० लाख डॉलर. १५ गाड्या निघाल्या आणि एकही पोचली नाही. सगळ्यात लांब गेली ती कार्नेगी मेलन विद्यापीठाची सँडस्टॉर्म नावाची हमवी (अमेरिकन लष्कराची जीपसारखी दणकट गाडी), तीही ११.७८ किमीच. घाटातल्यासारखं एक वळण होतं, तिथे ती वळण कापून कडेच्या उंचवट्यावर चढली, पोट दगडमातीवर टेकलं, आणि चाकं जागच्या जागी फिरत राहिली ती इतकी की टायरमधून धूर निघाला. शिकाऊ ड्रायव्हरनेही अशा वेळी ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला असता, पण आपण अडकलोय हेच गाडीला कळत नव्हतं.

८ ऑक्टोबर २००५ ला पुन्हा शर्यत, २१२ किमी, बक्षीस २० लाख डॉलर. या वेळी २३ पैकी ५ गाड्यांनी पूर्ण अंतर कापलं, आणि एक सोडून बाकी सगळ्या आदल्या वर्षीच्या ११.७८ किमीच्या पुढे गेल्या, दीड वर्षात एवढा फरक. पहिली आली स्टॅनफर्डची स्टॅन्ली, म्हणजे एक निळी फोक्सवॅगन टूरेग, ६ तास ५४ मिनिटांत. टीमचे प्रमुख सेबॅस्टियन थ्रन. मागोमाग कार्नेगी मेलनच्या दोन गाड्या आल्या, त्या टीमचे प्रमुख रेड व्हिटेकर. ऑशकॉशचा टेरामॅक्स, जो अमेरिकन मरीन कोअरच्या माल वाहणाऱ्या ट्रकवर बांधला होता, तो दुसऱ्या दिवशी पोचला, १० तासांची मर्यादा उलटल्यामुळे बक्षिसाच्या बाहेर. पण खऱ्या लष्करी कामाच्या सगळ्यात जवळची गाडी तीच होती.

स्टॅन्लीने काय केलं ते नीट समजून घेण्यासारखं आहे. रस्त्याचे जीपीएस पॉइंट शर्यतीच्या २ तास आधी सगळ्यांनाच मिळाले होते, त्यामुळे कुठे जायचं हा प्रश्नच नव्हता, समोरचं पुढचं वीसेक मीटर कसं आहे हा होता. टपावर समोरच्या जमिनीचं अंतर मोजणारे पाच लेझर, पण गाडी खड्ड्यातून उसळली आणि लेझरचा कोन अर्ध्या अंशाने जरी चुकला तरी ३० मीटरवर पाव मीटरची चूक होते, मग सपाट जमिनीवरही दगड असल्याचा भास होतो आणि गाडी उगाच वळते. यासाठी त्यांनी आधी माणसाला गाडी चालवायला बसवलं, ज्या जमिनीवरून तो गेला ती चांगली असं धरून सॉफ्टवेअरला शिकू दिलं. दुसरं म्हणजे लेझरला जवळची जी जमीन चांगली दिसली तिचा रंग कॅमेऱ्याला दाखवायचा आणि तसाच रंग लांब कुठपर्यंत दिसतो ते बघून वेग वाढवायचा. रस्त्याचा रंग बदलला की शिकवणी पुन्हा सुरू, चालता चालताच. शेवटी बिअर बॉटल पास नावाची खिंड होती, अरुंद, वळणावळणाची, एका बाजूला डोंगर आणि दुसरीकडे सरळ दरी, तिथून ती हळूहळू पण नीट उतरली.

३ नोव्हेंबर २००७ ची तिसरी शर्यत व्हिक्टरव्हिलच्या बंद पडलेल्या हवाई तळावर, शहरी रहदारीत झाली, ती कार्नेगी मेलनच्या बॉस नावाच्या गाडीने जिंकली. तिथून या टीममधले लोक पुढे गुगलच्या वगैरे प्रकल्पांत गेले आणि शहरातल्या रोबोटॅक्सी, म्हणजे बिनड्रायव्हरच्या टॅक्सी, उभ्या राहिल्या. गोल फिरणारा लेझर सेन्सरही याच स्पर्धेत भाग घेतलेल्या डेव्हिड हॉल यांच्या व्हेलोडाइनमधून आला.

लष्कराचा प्रश्न मात्र त्यामुळे सुटला नाही, कारण रणांगणावर ना पट्टे, ना सिग्नल, ना भरवशाचा नकाशा, जीपीएसही शत्रू जॅम करतो. आपल्याकडे श्रावणात सड्यावर गवत छातीला लागतं, ते डोळ्यांसमोर आणा, लेझरला ती भिंत वाटते आणि गाडी थांबते, प्रत्यक्षात ते आडवं करून सहज जाता येतं. उलट त्याच गवतात चर असला तर लेझरला काहीच दिसत नाही, आणि गाडीला खरा धोका त्याचा. शिवाय लेझर स्वतः प्रकाश सोडतो, म्हणजे शत्रूला आपला पत्ता सांगतो, म्हणून नुसत्या कॅमेऱ्यांवर चालता यावं यासाठी वेगळं काम चालू आहे. डार्पाचा रेसर हा नंतरचा कार्यक्रम याच बिनरस्त्याच्या जमिनीसाठी सुरू झाला.

इथे एक गल्लत नेहमी होते, लांबून माणूस चालवतो त्या यंत्रालाही लोक स्वयंचलित समजतात. पुण्यात दिघीच्या डीआरडीओ प्रयोगशाळेत बनलेला दक्ष हा बॉम्ब निकामी करणारा रोबोट, जिने चढतो, एक्स-रे काढतो, पाण्याचा जोरदार मारा करून बॉम्ब निकामी करतो, २०११ मध्ये लष्कराकडे पहिली तुकडी गेली. त्याने वाचणारा जीव खरा आहे आणि काम अभिमानाचंच आहे, पण त्याला ५०० मीटरपर्यंत लांब बसलेला माणूस चालवतो, म्हणून तो स्वयंचलित नाही, दूरनियंत्रित आहे. रेडिओ तुटला की असं यंत्र आंधळं होतं, आणि स्वयंचलित गाडीची गरज तिथूनच सुरू होते. या दोन टोकांच्या मधला एक मार्ग अमेरिकन लष्कराने ताफ्यांसाठी तपासला, पुढचा ट्रक माणूस चालवतो आणि मागचे ट्रक आपोआप त्याच्या माग काढत येतात, म्हणजे मागच्यांतली माणसं कमी होतात, पण पहिल्या ट्रकच्या स्टिअरिंगवर सैनिक असतोच.