जबल अख्दर की जबल शम्स?

ओमानला निघालेल्यांच्या यादीत या दोन डोंगरांची नावं असतात, आणि पुष्कळदा फोटो एकाचा नि नाव दुसऱ्याचं अशी गल्लत झालेली असते. खोल दरीच्या कड्यावरचा तो प्रसिद्ध फोटो जबल शम्सचा. डोंगरउतारावरची पायऱ्यापायऱ्यांची शेतं आणि गुलाब जबल अख्दरचे.

गोंधळाला कारणही आहे. हजर पर्वतरांगेच्या मधल्या सगळ्या भागाला जबल अख्दर म्हणतात, आणि जबल शम्स हे त्यातलंच सर्वांत उंच शिखर. उंची सुमारे ३,००० मीटर, म्हणजे ओमानमध्येही पहिला नंबर. पण हॉटेलवाला किंवा ड्रायव्हर ‘जबल अख्दर’ म्हणतो तेव्हा त्याला फक्त सैक पठार आणि त्याच्या कडेची गावं अभिप्रेत असतात. दोन्हीकडे लोक निझवा या शहरातून जातात. नकाशात ती शेजारी दिसतात खरी, पण एकीकडून दुसरीकडे जायचं तर डोंगर उतरून पुन्हा चढावा लागतो. ‘एका दिवसात दोन्ही उरकू’ हा बेत म्हणूनच डोक्यातून काढलेला बरा.

सैक पठार साधारण २,००० मीटरवर आहे, आपल्या कळसूबाईपेक्षाही उंच. हिरवागार सह्याद्री मनात धरून गेलात तर मात्र निराशा होईल, कारण आजूबाजूचा डोंगर बोडकाच आहे. हिरवं आहे ते माणसानं केलेलं. अल ऐन, शुरैजा, अल अक्र या गावांखाली दगडी बांध घालून उतारावर वाफे काढलेत आणि झऱ्याचं पाणी फलजमधून, म्हणजे पाटानं, पाळीपाळीनं फिरवलं जातं. मार्चअखेरीपासून गुलाब फुलतात. एप्रिल हा ऐन हंगाम. पहाटे पाकळ्या खुडतात आणि मातीच्या भट्टीवर त्यांचं गुलाबपाणी काढतात. या पारंपरिक गुलाबपाण्याला चक्क धुराचा वास असतो, बाटलीबंद गुलाबपाण्याची सवय असलेल्यांना तो खटकतो, मला आवडतो. डाळिंबं हवी असतील तर ऑगस्टच्या अखेरीनंतर जा. हे दोन्ही हंगाम सोडून गेलात तर शेतं बघून होतात, पण अर्धी मजा जाते.

रस्ता डांबरी आहे, तरी पायथ्याच्या बिर्कत अल मौझला पोलीस चौकी आहे आणि फोर-व्हील-ड्राइव्ह नसेल तर तिथूनच परत पाठवतात. उतार इतका तीव्र की ब्रेक तापतात. इतिहासातही हे पठार चढायला सोपं नव्हतंच. सुलतानाविरुद्ध लढणाऱ्या, इमामाच्या बाजूच्या बंडखोरांनी इथं आसरा घेतला होता, आणि जानेवारी १९५९मध्ये एसएएस या ब्रिटिश विशेष दलाच्या सैनिकांनी रात्रीतून चढाई करून ते घेतलं.

जबल शम्सला बागा शोधू नका. तिथं वादी घुलची दरी बघायची, साधारण १,००० मीटर खोल, चुनखडीच्या थरांवर थर. कधीकाळी हा सगळा दगड समुद्रतळाशी होता. शिखरावर लष्करी ठाणं असल्यामुळे अगदी माथ्यावर जाता येत नाही. करण्यासारखी गोष्ट म्हणजे ‘बाल्कनी वॉक’: अल खितैमहून कड्याच्या पोटातून जाणारी पायवाट, फारशी चढउतार नसलेली, पण एका बाजूला सरळ दरी. दीडेक तासात ती सोडून दिलेल्या एका गावात पोहोचते. कपारीखाली दगडी घरं आणि जुन्या शेतांचे बांध अजून दिसतात. चक्कर येणाऱ्यांनी मात्र कड्यावरूनच बघावं. वाटेतल्या रस्त्याचा काही भाग कच्चा आहे, आणि हॉटेलं अख्दरइतकी महागडी नाहीत, कॅम्पच जास्त.

एकच निवडायचं असेल तर महिना बघा. एप्रिल किंवा सप्टेंबर असेल तर अख्दर, डिसेंबर-जानेवारी आणि पाय धड असतील तर शम्स. हिवाळ्यात रात्री पारा शून्याच्या आसपास जातो, तेव्हा ‘आखातात कसली थंडी’ म्हणून स्वेटर घरी ठेवू नका.