बेल्जियम ५४१ दिवस सरकारविना चालले का?

‘बेल्जियम ५४१ दिवस सरकारविना सुरळीत चालले’ हे विधान आजही मोठ्या हौसेने सांगितले जाते. आकडा खरा आहे. अर्थ मात्र चुकीचा लावला जातो. १३ जून २०१० च्या निवडणुकीपासून ६ डिसेंबर २०११ रोजी एलियो दी रूपो यांच्या मंत्रिमंडळाने शपथ घेईपर्यंतचा तो काळ होता. या संपूर्ण काळात इव्ह लतेर्म यांचे राजीनामा दिलेले सरकार काळजीवाहू म्हणून कारभार पाहत होते. त्याच सरकारने युरोपीय संघाच्या परिषदेचे अध्यक्षपद २०१० च्या उत्तरार्धात सांभाळले आणि मार्च २०११ मध्ये, संसदेच्या संमतीने, लिबियाच्या मोहिमेवर एफ-१६ विमाने धाडली. याला ‘सरकार नाही’ म्हणायचे तरी कसे? शिवाय शिक्षणासारखे विषय भाषिक समुदायांच्या सरकारांकडे असल्याने शाळा चालण्यात नवल काहीच नव्हते.

अडले होते ते नवे सरकार, आणि त्यामागे ब्रसेल्स-हाले-विल्व्होर्डे या मतदारसंघाच्या विभाजनाचा डच व फ्रेंच भाषिकांमधला जुना तंटा होता. तिथे राज्यघटनेचे ९९ वे कलमही समजून घ्यावे लागते: मंत्री जास्तीत जास्त १५, आणि पंतप्रधान वगळल्यास डच व फ्रेंच भाषिक मंत्र्यांची संख्या समसमान. दी रूपो यांनी समाजवादी, ख्रिस्ती लोकशाहीवादी आणि उदारमतवादी अशा तिन्ही प्रवाहांतील दोन्ही भाषांचे पक्ष, म्हणजे एकूण सहा पक्ष एकत्र आणले. तो वादग्रस्त मतदारसंघ अखेर २०१२ मध्ये कायद्याने विभागला गेला.